मांजरीचं ऑपरेशन आणि गटाची वही

आमच्या बचत गटाच्या कर्जाच्या वहीत आजवर शाळेची फी, शिलाई मशीन, बाळंतपण, पत्र्याची दुरुस्ती असं बरंच काही लिहिलं गेलंय. मागच्या पावसाळ्यात मात्र पर्वती पायथ्याच्या बैठकीत एका ताई म्हणाल्या, “मला मांजरीच्या ऑपरेशनसाठी कर्ज पाहिजे.” सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत.

ताई चार घरी पोळ्या करतात. त्यांची मांजर वर्षात दुसऱ्यांदा व्याली होती. घरमालकाने सांगून टाकलं होतं, मांजरं काढा नाहीतर खोली सोडा. खासगी दवाखान्यात विचारलं, तर साडेचार हजार खर्च सांगितला. “मांजर पाळणं हे श्रीमंतांचं काम,” असं आमच्यातलीच एक बोलून गेली. ते आम्हाला खटकलं. मांजर खरंच श्रीमंतांची का? म्हणून आम्ही जरा मागे जाऊन पाहिलं.

पुण्यात वाडे होते, भुसाराची दुकानं होती, धान्याच्या कणग्या होत्या. जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर. तिला कुणी विकत आणत नव्हतं, ती कामाला होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रँडच्या हुकमावरून गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करत होते. लोक चिडले आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. हे आपण शाळेत शिकलो. पण रोग येतो कुठून, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवलं. त्यानंतर दहाएक वर्षांनी आपल्या अमरावतीकडे काम करणारे सरकारी डॉक्टर बुकॅनन यांनी लिहिलं, की ज्या वस्तीत मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, म्हणून लोकांनी मांजरं पाळावीत. म्हणजे पत्र्याच्या खोलीतली मांजर ही चैन नाही. आजही आमच्या वस्तीत पिठाचा डबा तीच राखते.

मग अडचण कुठे आली? पिल्लांपाशी. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत व्यायते, एका वेळी तीन-चार पिल्लं देते आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्या आज्या म्हणायच्या, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. वाड्यात सात घरं होती, माळे होते. दहा बाय दहाच्या खोलीत ती फिरवणार कुठे? मग पोतं येतं. पिल्लं पोत्यात घालून नदीकाठी नाहीतर मंडईमागे सोडायची. खरं सांगायचं तर हे काम घरातल्या बाईच्याच माथी येतं आणि रात्री झोपही तिचीच उडते. आमच्यातल्या तिघींनी हे केलेलं आहे.

ऑपरेशन हा त्यावरचा उपाय नवा नाही. चेन्नईच्या ‘ब्लू क्रॉस’ने रस्त्यावरची कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करा, असं १९६४ पासून सांगितलं. तिथल्या महापालिकेने ते मानलं १९९६ मध्ये. बत्तीस वर्षं लागली! अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये कमी पैशात असं ऑपरेशन करणारा सरकारी दवाखाना उघडला. पैसे नसले तर लोक ऑपरेशन करत नाहीत, हे तिथे पन्नास वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

आपल्याकडे २००१ चे नियम आले ते कुत्र्यांसाठी. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून ‘कुत्रे’ हा शब्द गेला. त्यात लिहिलंय, की पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. त्याआधी २०२२ मध्ये पुणे महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणीही सक्तीची केली. नियम चुकीचा नाही. पण आमच्या ताईंची मांजर धड रस्त्यावरची नाही, की महापालिका बघेल, आणि धड श्रीमंत घरची नाही, की मालकीण साडेचार हजार मोजेल. जबाबदारी कागदावर आली, पैसे कुठून आणायचे ते कागदावर आलं नाही.

अजून एक अडचण शब्दाची. ‘नसबंदी’ म्हटलं की आमच्या वस्तीतल्या आज्या दचकतात. आणीबाणीत माणसांना धरून नेत होते, ते त्यांनी पाहिलंय. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. म्हणून आम्ही ‘ऑपरेशन’च म्हणतो आणि कुणावर जबरदस्ती करत नाही.

शेवटी आम्ही काय केलं? एकटीने विचारण्याऐवजी गटाने विचारलं. वस्तीत सात मांजरी आणि चार बोके निघाले. यादी घेऊन आम्ही प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे गेलो, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही गेलो. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी शिबिरात घेतो म्हणाले, एका मांजरीचे आठशे रुपये. तेवढं कर्ज गटाने ताईंना दिलं, चार हप्त्यांत.

तुम्हीही विचाराल तेव्हा एवढं नक्की विचारा. भूल, औषधं, टाके आणि पुन्हा दाखवणं या पैशातच आहे का? ऑपरेशननंतर मांजर किती दिवस ठेवून घेणार? आधी किती तास उपाशी ठेवायची? रेबीजची लस देणार का? बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि स्वस्त असतं, तेव्हा त्याला विसरू नका. आणि माणसांची वेदनाशामक गोळी मांजरीला घरी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरते.

मांजरीच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांचा. आमचा प्रश्न पैसे कोण देणार हा होता, आणि अकरा जणींनी मिळून विचारलं तेव्हा त्याचं उत्तर निघालं. ताईंचे तीन हप्ते आले आहेत, चौथा येत्या बैठकीत येईल. मांजर पिठाच्या डब्यापाशी झोपते. वहीत आम्ही लिहिलंय : कर्जाचं कारण – मांजर. आता कुणी हसत नाही.