हुंडी, मोर्तब आणि ओटीपी

परगांवीं पैसा पाठवावा, पण तो वाटेंत लुटला जाऊं नये, ही अडचण आपल्या इकडे फार जुनी आहे. सावकारांनीं ती हुंडीनें सोडविली. परंतु मग चोराची दृष्टि थैलीवरून कागदावर गेली. म्हणून हुंडींत रकमेबरोबर तिची निमपट लिहून ‘त्याचे दुप्पट’ असें नमूद करण्याचा प्रघात पडला. एखादें शून्य वाढवून कोणास लबाडी करतां येऊं नये. मराठेशाहींतील पत्राच्या अखेरीस होणारें मोर्तब याच हेतूचें. त्यापुढें कोणी अक्षर घालूं नये. सारांश, धन राखणें म्हणजे केवळ तिजोरी राखणें नव्हे. ‘द्या’ असें सांगणारी खूण राखणें होय.

पुण्यांत 1906 सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर 2018 सालीं जो प्रसंग आला, त्यानें हेंच सिद्ध केलें. 11 व 13 ऑगस्ट या दोन दिवशीं सुमारें 94 कोटी रुपये गेले. तिजोरीस कोणीं हात लावला नाहीं. एटीएमच्या मागणीस होकार देणारी जी संगणकव्यवस्था, तिच्या जागीं चोरांनीं तोतया व्यवस्था उभी केली. बनावट कार्डांनीं 28 देशांतून रोकड निघाली, आणि सुमारें 14 कोटी रुपये स्विफ्ट या बँकांच्या संदेशमार्गानें हाँगकाँगला गेले. भाऊसाहेबांच्या तोतयाचें प्रकरण मिटण्यास 1776 साल उजाडावें लागलें. या तोतयाचें काम दोन दिवसांत उरकलें! 2023 सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस दोषी ठरविलें.

बँकेचें मोर्तब बँकेनें राखावें, आपलें कोणीं? रिझर्व्ह बँकेनें 2009 पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारास दुसरी खूण आवश्यक केली. फोनवर येणारा ओटीपी तो हाच. 2017 च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत वर्दी दिली, तर ग्राहकास तोशीस लागूं नये. मात्र खूण त्यानेंच परक्यास सांगितली, तर वर्दी देईपर्यंतचें नुकसान त्याचें. चाकणच्या कारखान्यांत महिनाभर राबणाऱ्याचा पगार आज खात्यांत जमा होतो. त्याचा संसार या भेदावर अवलंबून आहे. पैसे घेण्यास यूपीआयचा पिन लागत नाहीं, एवढें घरोघर ठाऊक झालें तरी पुष्कळ फसवणूक टळेल. आणि घात झालाच, तर लाजेनें गप्प न बसतां बँकेस व 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावें.