मँटाच्या वेगावर

साल १९८६. इंग्लंडमधल्या एका घरात तुम्ही टीव्हीपुढे मांडी ठोकून बसला आहात. शेजारी तपकिरी कमोडोर ६४ संगणक. शिफ्ट आणि रन-स्टॉप एकदम दाबता. पडद्यावर हुकूम येतो : टेपचं प्ले बटण दाबा. कॅसेट फिरू लागते. आता काही मिनिटं वाट बघण्यावाचून इलाज नाही.

मग ‘युरिडियम’ हा खेळ सुरू होतो आणि तुमचं ‘मँटा’ हे चिमुकलं लढाऊ यान एका अजस्र युद्धनौकेवरून सुसाट निघतं. नौकेचं नाव झिंक. पुढच्या नौकांनाही धातूंचीच नावं आहेत. नीट निरखलंत तर ही सगळी नौका आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी जोडून रचलेली दिसेल. पण एका कडेला उजेड, दुसरीकडे सावली असल्याने सपाट काचेवर बुरूज आणि भिंती उठून दिसतात.

जॉयस्टिक उलट ओढा. मँटा गिरकी घेऊन मागे फिरतो. कुठे धक्का नाही, अडखळणं नाही. टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवतो आणि त्याच तालावर नौका सरकते. जेमतेम एक मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरकडून हा खेळ लिहिणाऱ्या अँड्र्यू ब्रेब्रुक यांनी ही चाल करवून घेतली आहे.

हीच चाल तुमचा घात करते. वेग मुठीत आलाय असं वाटतं न वाटतं, तोच उंच भिंत समोर उभी. मँटाच्या ठिकऱ्या! पुढच्या खेपेला तुम्ही जपून जाता, तर डेकवरच्या एका तोंडातून सुरुंग निघतो आणि पाठच सोडत नाही. त्याला गोळी लागू पडत नाही. पळ काढायचा, एवढंच हाती. म्हणजे धावलात तर भिंत, रेंगाळलात तर सुरुंग.

तेव्हा तुम्ही नौका पाठ करू लागता. या बुरुजानंतर वर, मग खाली. पुढच्या फटीतून मँटा कुशीवर करून निसटायचं. शत्रूची विमानं पाडता पाडता अखेर उतरण्याचा इशारा मिळतो. धावपट्टीवर मँटा टेकतो, पुन्हा झेपावतो आणि त्याच्याखाली अख्खी नौका विरघळत जाते.

आता दुसरी नौका. हिच्या भिंती वेगळ्या. झिंकवरचं पाठांतर इथे काडीच्या उपयोगाचं नाही.