आयरिश पब, परमिट रूम आणि आपली बसायची जागा

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा. (चहाच म्हणालो.)

गेल्या शनिवारी भाचा म्हणाला, "मामा, चला, आज तुम्हाला आयरिश पब दाखवतो." मी म्हटलं, सानपाड्यात राहून आयर्लंड बघायचं तर जाऊया. नवी मुंबईतलाच पब, मॉलमधला. दार ढकललं की आत सगळं लाकूडच लाकूड, पिवळे दिवे, भिंतीवर जुन्या पाट्या, कोपऱ्यात गुबगुबीत बाकडी. मासा आणि बटाट्याच्या फोडी मागवल्या. मासा बरा होता, पण आपल्या कोळीवाड्यातल्या तव्यावरच्या तुकडीची सर नाही. भाच्याला अजून पंचवीस पूर्ण नाहीत, त्यामुळे आपल्या राज्याच्या नियमानुसार तो सौम्य बिअर आणि वाईनच्या पुढे जाऊ शकत नाही. मीच आठवण करून दिली. "मामा, तुम्ही पत्रकार आहात की इन्स्पेक्टर?" असं म्हणून त्याने बिअर मागवली.

मी मात्र शेजारच्या टेबलाकडे बघत होतो. नवरा-बायको, एक आजी आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचा वाढदिवस असावा. आजी सूप पीत होत्या. कोणी कोणाकडे वळून बघत नव्हतं. तालुक्याच्या गावी मी बारा वर्षं बातमीदारी केली, तिथल्या सगळ्या परमिट रूम मला ठाऊक. हिरवा पडदा, काळ्या काचा, अंधुक दिवा, चखण्याला शेंगदाणे नाहीतर बुर्जी. त्या बारा वर्षांत तिथे एक आजी बसलेली बघितली नाही. एवढा फरक कुठून आला, हे शोधायला घरी येऊन जुनी पुस्तकं काढली.

आधी त्या लाकडाचं सांगतो. जगभरचे बरेचसे आयरिश पब डब्लिनहून पार्सल होऊन आलेले आहेत. मेल मॅकनली नावाच्या वास्तुविशारदाने विद्यार्थी असताना १९७० च्या दशकात डब्लिनच्या पबांचा अभ्यास केला. पुढे त्यानेच पबचे ठरावीक नमुने तयार केले: व्हिक्टोरियन, खेड्यातल्या झोपडीसारखा, किराणा दुकानासारखा वगैरे. १९९० नंतर गिनेस कंपनीच्या साथीने असे पब कंटेनरमधून देशोदेशी गेले. म्हणजे आपण ज्याला जुनं म्हणून भुलतो ते बऱ्याचदा आपल्या सेक्टरमधल्या इमारतींपेक्षाही नवं असतं.

पण मूळ आयरिश पब खरा होता. इंग्रजीत पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', सार्वजनिक घर. खेड्यांत पुढे किराणा आणि मागे दारू, असा एकाच मालकाचा कारभार असे. चहापत्ती घ्यायला आलेला माणूस मागच्या खोलीत अर्धा तास टेकायचा. गावात कोण आजारी, कोणाची गाय व्याली, कोणाची जमीन विकायला निघाली, सगळ्या बातम्या तिथे. म्हणजे आपल्याकडे पार, चावडी आणि सलून मिळून जे काम करतात ते. बायकांनी मात्र उघड्यावर बसू नये अशी रीत होती. म्हणून कोपऱ्यात लाकडी आडोशाची एक छोटी खोली असायची, 'स्नग'. बायका तिथे बसायच्या, कधी गावचा पाद्रीही. काउंटरच्या खिडकीतून ग्लास आत सरकवला जाई. हे वाचलं आणि मला आपल्या इराणी हॉटेलांतली आणि परमिट रूममधली 'फॅमिली रूम' आठवली. लाज झाकायची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच.

आणि आयरिश लोक काही मोकाट नव्हते. १८३८ पासून फादर मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूने दारू सोडण्याच्या शपथा लाखो लोकांना दिल्या. १९०२ च्या कायद्याने पबचे नवे परवाने जवळपास बंदच केले, नवा काढायचा तर जुना एक विकत घेऊन विझवायचा. गुड फ्रायडेला पब उघडायला परवानगी मिळाली ती थेट २०१८ साली! म्हणजे नियम त्यांच्याकडेही कडक होते. पण बसायची जागा त्यांनी मोडली नाही. आपल्याकडे ती मोडली.

कशी, ते आपल्याच खाडीच्या काठाने सांगता येतं. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात ताडी-माडी आणि मोहाची दारू हा आगरी, कोळी, भंडारी, आदिवासी लोकांच्या जगण्याचा भाग. लग्नात, होळीला, पुनवेला, आणि शेत लावून आल्यावर अंगदुखीला. उरणला तर पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या, तिथली मोहाची दारू मुंबईला जायची. १८७८ साली इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा आणला. घरोघरचं गाळणं गुन्हा ठरलं, गाळप मक्तेदारांच्या हाती गेलं, ताडीच्या झाडामागे कर बसला. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला, तोही याच दोन जिल्ह्यांसाठी. जंगलात पडलेलं फूल वेचून घरी साठवणं गुन्हा! यात नीतीचा प्रश्न कमी आणि महसुलाचा जास्त होता, असं माझं मत. लोकांचं अंगण गेलं आणि ठेक्याचा गुत्ता आला. गुत्त्यात बसून गप्पा कोण मारणार? उभ्याने प्यायचं आणि निघायचं.

मग काँग्रेसचं राज्य आलं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर. गिल्डर स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यात कितीतरी पारशी कुटुंबं, त्यामुळे समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. अबकारीचं उत्पन्न बुडालं ते भरून काढायला अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला. घरमालकही चिडले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग अर्धवट राहिला.

तो पूर्ण केला मोरारजीभाईंनी. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. प्यायचं तर प्रकृतीच्या कारणाने परमिट काढा. 'परमिट रूम' या शब्दाचं मूळ इथे आहे. बंदीच्या काळात मुंबईत धोबी तलाव, वांद्रे भागात 'आंटीचे अड्डे' निघाले. कोणाच्या तरी घरातलीच खोली, समोर बाई, आत मोसंबी-नारंगीच्या नावाची हातभट्टी. गंमत बघा, घरात बसून पिण्याची जुनी रीत कायद्याने मोडली आणि कायद्यामुळेच ती चोरून परत आली. पुढे साठच्या दशकापासून वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली.

सैल केली, रद्द नाही. तो १९४९ चाच कायदा आजही चालू आहे, फक्त नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं. आजही कायद्याने प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. तुमच्यापैकी कितीजणांच्या खिशात आहे, हात वर करा! म्हणजे कायद्याच्या नजरेत परमिट रूममध्ये बसलेला माणूस हा सूट मिळालेला गुन्हेगार. मग काचा काळ्या असणार नाहीतर काय? आजी तिथे सूप प्यायला कशी येणार?

आता सानपाड्याकडे येतो. सायन-पनवेल महामार्ग आपल्या अंगावरून जातो. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला, १ एप्रिल २०१७ पासून शटर खाली आली. हेतू चांगलाच होता, पिऊन गाडी चालवून माणसं मरतात. पण केरळात एका बारवाल्याने दारापर्यंत वळणावळणाची वाट बांधून मीटर भरून काढले! जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरी हद्दीला हा आदेश अडवत नाही असा खुलासा केला आणि मोजपट्टी गुंडाळली गेली.

२०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क आणि बारमधला व्हॅट वाढवला, त्याविरोधात १४ जुलैला बारवाल्यांनी बंद पाळला. दोन, सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान आणायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल, असं अजितदादांनी विधानसभेत जाहीर केलं. हा निर्णय मला पटतो. वाईन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून बंद आहेत, त्यामुळे जुनेच परवाने जिथे गिऱ्हाईक तिथे सरकतात, आणि गिऱ्हाईक आता आपल्या टॉवरांत आहे.

पण एक सांगा. बारमध्ये बसणं महाग होत जातं, तेव्हा माणूस प्यायचं सोडतो का? संध्याकाळी पाम बीच रोडच्या आतल्या गल्ल्यांत फिरून बघा. गाडीत काच वर करून, खारफुटीच्या कडेला दुचाकीवर, प्लास्टिकच्या ग्लासात. तिथे चखणा नाही, 'आता बास झालं, घरी जा' म्हणणारा वेटर नाही, आजूबाजूला बायकापोरं नाहीत. आणि ज्याला हेही परवडत नाही तो कुठे जातो? मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती मॉलमधल्या पबची गिऱ्हाइकं नव्हती.

ओळखीच्या एका सोसायटीत येत्या रविवारी सभा आहे. खालच्या दोन गाळ्यांसाठी दोन अर्ज आलेत. एक बाटली घेऊन जायच्या दुकानाचा, दुसरा जेवणाच्या हॉटेलचा, बिअर-वाईन बसून देणाऱ्या. दोन्ही नाकारा असा सूर आहे. सेक्रेटरींनी मला फोन केला, "पत्रकार साहेब, तुम्ही या, बोला." मी म्हटलं, दुकानाला माझा नाही. हॉटेलला मात्र मी हो म्हणेन, दोन अटींवर: काच पारदर्शक हवी आणि अकराला शटर खाली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काच पारदर्शक ठेवली तर आमचे मेंबर बसणार कसे?"