बेंजामिन ले : धर्मनिष्ठ की धर्मवेडा?

धर्मनिष्ठा आणि बंडखोरी ह्या एकमेकींच्या वैरिणी होत, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. धर्मनिष्ठ म्हणजे आहे त्या व्यवस्थेपुढे मान तुकविणारा आणि बंडखोर म्हणजे देवाधर्माची पर्वा न करणारा, अशी आपण सोयीची वाटणी करून टाकतो. इतिहास ही वाटणी मानीत नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत वेडा म्हणून हिणविल्या गेलेल्या बेंजामिन ले ह्या गृहस्थाचे चरित्र आम्ही येथे मांडीत आहो, ते ह्याचसाठी. ज्या धर्माने त्याला बंड करावयास लावले, त्याच धर्माच्या अनुयायांविरुद्ध ते बंड होते.

ले १६८२ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, कॉपफर्ड गावी एका क्वेकर घराण्यात जन्मला. क्वेकर पंथात पुरोहित नाही. प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश असतो आणि तो कोणाहीत कमीअधिक नसतो, ही त्यांची मूळ श्रद्धा. म्हणून शस्त्र धरावयाचे नाही आणि मोठ्यात मोठ्या माणसासमोरही टोपी काढावयाची नाही, असा त्यांचा आचार. ले उंचीने चार फुटांहून थोडासाच अधिक, पाठीला कुबड. त्याने मेंढरे राखली, हातमोजे शिवले आणि पुढे बारा वर्षांच्या आसपास गलबतांवर खलाशाचे काम केले. त्याची पत्नी सारा हीही तशीच ठेंगणी आणि पंथात उपदेश करणारी म्हणून मान्यता पावलेली.

१७१८ साली हे जोडपे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले व तेथे त्यांनी दुकान थाटले. त्या काळी हे बेट उसाच्या मळ्यांचे आणि त्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांचे होते. भुकेले गुलाम दुकानाशी येत. कोणी काही चोरी. अशा काहींना प्रारंभी ले याने स्वतः मारलेही, आणि त्याचा पश्चात्ताप त्याने पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवला. तेथील एक हकीगत त्याच्या मनातून कधी गेली नाही. पिंपे बनविणारा एक कसबी गुलाम होता. त्याचा धनी क्वेकरच. पण दर सोमवारी सकाळी गुलामांना चाबकाने फोडून काढण्याचा त्याचा नेम होता. एका रविवारी रात्री, उद्याचा चाबूक चुकविण्यासाठी, त्या गुलामाने स्वतःचा प्राण घेतला. रविवारी प्रार्थना आणि सोमवारी चाबूक, हे गणित ले याला पुढे कधीच सुटले नाही.

दोन वर्षांच्या आतच ते इंग्लंडला परतले आणि १७३२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास आले. पेन्सिल्व्हेनिया ही वसाहतच क्वेकरांनी धर्मस्वातंत्र्यासाठी वसविलेली. परंतु तेथेही पंथातील अनेक मातब्बरांच्या घरी गुलाम होते. जर्मनटाऊन येथील चौघांनी १६८८ सालीच ह्याविरुद्ध लेखी निषेध केला होता. वरिष्ठ सभांनी तो बाजूस सारला. ले याचा प्रश्न साधा होता. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतरी असेल, तर काळ्या माणसाच्या अंतरी तो नाही काय? आणि असेल, तर त्याची खरेदीविक्री करणारा क्वेकर कसला?

हा प्रश्न त्याने प्रथम शब्दांनी विचारला. गुलाम बाळगणारे सर्व धर्मभ्रष्ट होत, असे मुखपृष्ठावरच बजावणारा त्याचा ग्रंथ बेंजामिन फ्रँकलिनने छापला, पण मुद्रक म्हणून आपले नाव घातले नाही. त्यावर १७३७ हे साल आहे. शब्दांचा उपयोग होईना, तेव्हा ले याने कृतीचा मार्ग धरला. हिवाळ्यात एका पायाने अनवाणी, बर्फात तो प्रार्थनामंदिराबाहेर उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी प्रकृतीची काळजी दाखविताच, तुमच्या शेतांवर सारा हिवाळा अर्धनग्न राबणाऱ्यांची कीव तुम्हांस का येत नाही, असे त्याने विचारले.

१७३८ सालच्या सप्टेंबरात बर्लिंग्टन येथे क्वेकरांची वार्षिक सभा भरली. ले अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून आला. हातात आतून पोखरलेला एक ग्रंथ. त्यात तांबड्या फळांच्या रसाने भरलेली पिशवी. सभेत उभे राहून त्याने अंगरखा फेकला. बांधवांना दास करणाऱ्यांचे रक्त ईश्वर असेच सांडील, असे म्हणून त्याने तलवार ग्रंथात खुपसली. रक्तासारखा रस उडाला तो शेजारी बसलेल्या गुलामधन्यांच्या अंगावर. शस्त्र न धरणाऱ्यांच्या सभेत त्याने शस्त्र उपसले, ते तुमची शांती हीच एक हिंसा आहे हे दाखविण्यासाठी. त्याला उचलून बाहेर नेण्यात आले. त्याच सभेने त्याच्या ग्रंथाशी आणि त्याच्याशीही आपला संबंध नाही असे ठरविले.

तीन वर्षांपूर्वीच सारा वारली होती. ले आता अॅबिंग्टनजवळ एका गुहेत राहू लागला. अंबाडीसारख्या झाडाचे सूत स्वतः कातून तो वस्त्रे करी. मांस वर्ज्य, गुलामांच्या श्रमाने पिकलेली साखर तर घरातही नको. आज ज्याला आपण बहिष्कार म्हणतो, तो हा मनुष्य एकटा चालवीत होता.

त्याचे सारेच आम्हांस समर्थनीय वाटते असे नाही. एका शेजाऱ्याच्या लहान मुलाला त्याने काही तास आपल्याजवळ ठेवून घेतले आणि घाबरलेल्या आईबापांना, तुम्ही ठेवलेल्या गुलाम मुलीच्या आईबापांचे दुःख आता ओळखा, असे सुनावले. युक्तिवाद बिनतोड, पण निरपराध मातेच्या काळजाला हात घालण्याचा अधिकार कोणत्याही सत्याग्रह्याला आहे, असे आम्ही मानीत नाही. तथापि नुसता माथेफिरू आणि ले यांत एक भेद आहे. दुसऱ्याकडे जे मागितले, ते त्याने आधी स्वतः दिले. आणि परक्यांच्या धर्मावर नव्हे, आपल्याच मंडळींच्या मुखातील तत्त्वावर बोट ठेवले. त्याला वेडा म्हणता येई, खोटा म्हणता येत नसे.

येथे जॉन वुलमन याचेही स्मरण केले पाहिजे. तो मृदू वाणीचा. गुलामधन्यांच्या घरी जाऊन तो त्यांचे मन वळवी. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यास पंथाच्या कारभारात भाग नाही, असा ठराव केला, त्यात वुलमनचा वाटा मोठा. पण वीस वर्षे ले याने ज्यांची झोप उडविली, त्यांच्याच कानी वुलमनचे मृदू शब्द पडत होते. ठरावाची वार्ता ऐकून वृद्ध ले म्हणाला की, आता मी सुखाने मरेन. १७५९ च्या फेब्रुवारीत तो वारला. १७७६ साली ह्या सभेने गुलाम बाळगणेच निषिद्ध केले. सबंध अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपावयास मात्र १८६५ साल उजाडावे लागले.

त्या मुक्तीचे पडसाद आपल्या पुण्यातही उमटले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. त्या सज्जनांच्या रांगेत, अगदी आरंभी, हा चार फुटांचा कुबडा मनुष्य उभा आहे.

अॅबिंग्टनच्या क्वेकर दफनभूमीत त्याला पुरले, ते खुणेच्या दगडाविना. तेथील क्वेकरांनी त्याला पुन्हा आपला म्हटले आणि २०१८ साली त्याच्या नावाचा दगड बसविला. बहिष्कृताला आपले म्हणावयास धर्मसंस्थेला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लागला! मेलेल्या बंडखोराचा गौरव करणे सोपे असते. आपल्याच प्रार्थनेतील शब्द आपल्याला कोणी मोठ्याने वाचून दाखवू लागला, तर त्याला आपण बाहेर काढणार की बसावयास जागा देणार, ह्याचा निर्णय मात्र प्रत्येक समाजाला तो मनुष्य जिवंत असतानाच करावा लागतो.