लुसिया द बेर्क खटला

नेदरलँड्समधील लुसिया द बेर्क (जन्म 1961) या परिचारिकेवरील खुनांचा खटला. सात रुग्णांचे खून आणि खुनाचे तीन प्रयत्न यांसाठी त्यांना जन्मठेप झाली होती. 2010 मध्ये त्या सर्व आरोपांतून निर्दोष सुटल्या. त्यांना विष देताना कोणी पाहिले नव्हते आणि त्यांनी कधी कबुलीही दिली नव्हती. प्रयोगशाळेतील काही आकडे, ड्युटीचे तक्ते आणि एक रोजनिशी एवढ्यावर दोषसिद्धी उभी होती. वैद्यकीय आणि परिस्थितिजन्य पुरावा एकमेकांच्या आधाराने कसे खरे वाटू लागतात, याचा अभ्यास करणारे कायदेतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ या खटल्याकडे पुन्हापुन्हा वळतात.

हेग शहरातील युलियाना बाल रुग्णालयात 4 सप्टेंबर 2001 च्या पहाटे एका तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला. मुलीला जन्मजात व्याधी होत्या आणि डॉक्टरांनी हा मृत्यू आधी नैसर्गिकच मानला होता. मात्र लुसिया ड्युटीवर असताना रुग्ण फार वेळा अत्यवस्थ होतात, अशी कुजबुज वॉर्डात आधीपासून होती. या मृत्यूनंतर तिला तोंड फुटले आणि रुग्णालयाच्या संचालकांनी पोलिसांत तक्रार केली. मग जुनी कागदपत्रे चाळली गेली. लुसियांनी यापूर्वी जेथे काम केले होते त्या रुग्णालयांतूनही माहिती मागवली गेली आणि 13 डिसेंबर 2001 रोजी त्यांना अटक झाली. मार्च 2003 मध्ये हेगच्या न्यायालयाने चार खून आणि तीन प्रयत्न यांसाठी जन्मठेप दिली. जून 2004 मध्ये अपील न्यायालयाने खुनांची संख्या सातवर नेली आणि जन्मठेपेच्या जोडीला सक्तीचे मानसोपचारही ठोठावले.

खटला गाजला तो एका आकड्यामुळे. हेंक एल्फर्स या तज्ज्ञाने पहिल्या न्यायालयाला सांगितले, की इतक्या घटनांच्या वेळी एखादी परिचारिका निव्वळ योगायोगाने हजर असण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत 1 आहे. युलियाना रुग्णालयातील त्या वॉर्डात एकूण 1,029 पाळ्या झाल्या होत्या आणि त्यांपैकी 142 लुसियांच्या होत्या. संशयास्पद ठरलेल्या आठही घटना त्यांच्याच पाळ्यांत घडल्याचे तक्त्यावर दिसत होते. एल्फर्स यांनी तीन वॉर्डांसाठी तीन वेगवेगळ्या शक्यता काढल्या आणि त्यांचा सरळ गुणाकार केला. हा गुणाकारच चुकीचा होता. प्रत्येक वॉर्डात अगदी सर्वसाधारण, म्हणजे निम्मी शक्यता येणाऱ्या परिचारिकेने वीस वॉर्डांत काम केले, तर या रीतीने तिच्या वाट्याला सुमारे दहा लाखांत एक हा आकडा येतो. जितक्या नोकऱ्या बदलाल तितके अधिक गुन्हेगार दिसाल, असा हा हिशेब आहे. त्यात आणखी एक घोटाळा होता. निर्दोष माणसाच्या बाबतीत असा योगायोग घडणे दुर्मीळ असेलही. पण त्यावरून तो माणूस निर्दोष असणे दुर्मीळ ठरत नाही. परिचारिकेने सात खून करणे हेदेखील अतिशय दुर्मीळ असते, आणि तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींमध्ये व्हायला हवी होती.

गणितापेक्षा मोठा दोष त्या गणिताला पुरवलेल्या माहितीत होता. ‘घटना’ कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्यांना त्या वेळी ड्युटीवर कोण होते ते माहीत होते. लुसिया हजर असताना रुग्ण दगावला, की त्याची कागदपत्रे संशयाने तपासली जात. त्या नसताना तसाच मृत्यू झाला तर तो नैसर्गिक म्हणून बाजूला राही. तक्त्यात दुसऱ्या कोणाच्याही पाळीत घटना दिसली नाही, यात मग नवल ते काय! विज्ञानाचे तत्त्वज्ञ टोन डेर्कसेन यांनी दाखवून दिले, की लुसिया त्या वॉर्डात येण्याआधीच्या तीन वर्षांत तेथे सात मृत्यू झाले होते आणि त्या असतानाच्या तीन वर्षांत सहा. खुनी परिचारिका आल्यावर मृत्यू कमी झाले, असा याचा अर्थ होतो. ही साधी तुलना कोणत्याही तज्ज्ञाविना करता आली असती.

अपील न्यायालयाने संख्याशास्त्र वापरले नसल्याचे निकालात स्पष्ट म्हटले. ते अक्षरशः खरे आहे. आकडा निकालपत्रातून गेला, तरी ‘इतके योगायोग असू शकत नाहीत’ ही समजूत तज्ज्ञांच्या मतांत मुरलेली होती. न्यायालयाने आधार घेतला तो साखळी पुराव्याचा: एक-दोन गुन्हे नि:संशय सिद्ध झाले, की त्याच साच्यातील बाकीच्या गुन्ह्यांना तुलनेने दुबळा पुरावा चालतो. त्यामुळे सगळा भार दोन प्रकरणांवर आला. एक त्या तान्ह्या मुलीचे, तिला डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध दिल्याचे. दुसरे एका लहान मुलाचे, त्याला क्लोरल हायड्रेट या गुंगीच्या औषधाचा जादा डोस दिल्याचे. दुसऱ्या प्रकरणातील औषध मुलाला रुग्णालयातच लिहून दिलेले होते.

डिगॉक्सिनच्या मुद्द्याचे तपशील मुळातून पाहण्यासारखे आहेत. शवविच्छेदनानंतरच्या नमुन्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. पण पहिली चाचणी प्रतिपिंडांवर आधारलेली होती. अशी चाचणी डिगॉक्सिनसारखी रचना असलेल्या, शरीरात आपोआप तयार होणाऱ्या पदार्थांनाही डिगॉक्सिनच समजते. शिवाय मृत्यूनंतर हृदयाच्या पेशींतून हे औषध रक्तात झिरपते, त्यामुळे मृतदेहातील प्रमाणावरून जिवंतपणीच्या प्रमाणाचा थेट अंदाज बांधता येत नाही. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेने अधिक नेमक्या पद्धतीने तपासणी केली, तेव्हा प्रमाण बरेच कमी निघाले. हा अहवाल 2004 मध्येच नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक संस्थेकडे आला होता. मात्र तो अपील न्यायालयापुढे गेलाच नाही आणि दोन वर्षे तसाच पडून राहिला. विष ज्या क्षणी दिले गेले असे सरकारी पक्ष म्हणत होता, त्याच वेळी विशेषज्ञ डॉक्टर मुलीला तपासत होते, हेही डेर्कसेन यांनी दाखवले.

रोजनिशीची गोष्ट वेगळीच. एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूच्या दिवशी आपण आपल्या अनिवार ओढीला बळी पडल्याचे लुसियांनी लिहिले होते, आणि अन्यत्र एका मोठ्या गुपिताचा उल्लेख होता. ही ओढ रुग्णांसाठी टॅरोची पाने वाचण्याची होती आणि रुग्णालयात ते शोभत नसल्याने आपण ते लपवत होतो, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ओढ म्हणजे खून असा अर्थ लावला. संशय आधी पक्का नसता, तर त्या ओळींतून खून कोणाला दिसला असता का, हा प्रश्न वाचकाला पडतोच. लुसियांनी आपल्यापाशी कबुली दिल्याचे सांगणाऱ्या एका सहकैद्याने अपिलाच्या वेळी ती गोष्ट रचलेली असल्याचे मान्य केले.

खटला पुन्हा उघडला जाण्यामागे जराचिकित्सक मेत्ता द नो यांची चिकाटी होती. युलियाना रुग्णालयातील प्रमुख बालरोगतज्ज्ञ त्यांच्या भावजय होत्या, त्यामुळे ही लढाई घरातही होती. डेर्कसेन हे मेत्ता यांचे भाऊ. डेर्कसेन यांचे या खटल्यावरचे पुस्तक 2006 मध्ये आले. संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांची फेरमांडणी केली. त्यांच्या एका हिशेबात अशा योगायोगाची शक्यता 25 मध्ये 1 च्या आसपास आली. दरम्यान मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप आणि सक्तीचे मानसोपचार एकत्र देता येत नाहीत, एवढाच दोष काढला. त्यानंतर काही दिवसांतच लुसियांना तुरुंगात पक्षाघाताचा झटका आला. एप्रिल 2008 मध्ये त्यांची शिक्षा तात्पुरती थांबवली गेली, ऑक्टोबरमध्ये फेरसुनावणीचा आदेश निघाला आणि 17 मार्च 2010 रोजी आर्नेमच्या न्यायालयात सरकारी पक्षानेच निर्दोष मुक्तता मागितली. 14 एप्रिलला ती मिळाली. न्यायमंत्र्यांनी माफी मागितली, नुकसानभरपाईही दिली गेली. 2014 मध्ये पाउला व्हान देर ऊस्त यांनी या घटनांवर ‘लुसिया द बे.’ हा चित्रपट काढला.

ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2022 मध्ये अशा खटल्यांतील पुराव्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. गिल त्याच्या लेखकांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये लुसी लेटबी या परिचारिकेला सात अर्भकांच्या खुनांसाठी शिक्षा झाली. तेथेही ड्युटीचा तक्ता पुराव्यात होता आणि दोन बाळांच्या रक्तातील इन्सुलिन प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीनेच मोजलेले होते. त्या चाचणीच्या विश्वासार्हतेवर आणि एकूण वैद्यकीय निष्कर्षांवर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतले असून, 2025 मध्ये लेटबी यांच्या वकिलांनी फौजदारी खटल्यांच्या फेरतपासणी आयोगाकडे अर्ज केला.