आयसीएमपी संदेश-निरीक्षण

राउटरसारख्या जाळे-उपकरणावरील नियंत्रण व त्रुटिसंदेश तपासून जोडणीतील बिघाड शोधण्याची पद्धत. या संदेशांचा आयसीएमपी (इंटरनेट कंट्रोल मेसेज प्रोटोकॉल) हा प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९२ या दस्तऐवजात मांडला (पहा : इंटरनेट प्रोटोकॉल).

संदेशांपैकी प्रकार ८ ही प्रतिध्वनी-विनंती व ० हे तिचे उत्तर. माइक म्यूस यांची पिंग आज्ञावली (१९८३) यांवरच चालते. प्रकार ३ म्हणजे गंतव्य अप्राप्य, ११ म्हणजे पॅकेटची मुदत समाप्त (पहा : ट्रेसराउट). त्रुटिसंदेशाबद्दल पुन्हा त्रुटिसंदेश निघत नाही. राउटर संदेशांचा वेग मर्यादित ठेवू शकतो, फायरवॉलही ते अडवू शकते. म्हणून केवळ मौनावरून उपकरण बंद असल्याचे सिद्ध होत नाही.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडणाऱ्या भारतनेटसारख्या (मंजुरी २०११) विखुरलेल्या जाळ्यांत दूरस्थ उपकरणाची प्राथमिक चाचणी या पद्धतीने घेता येते.