क्यूआर कोड: चौकटीतला मजकूर आणि पत्त्याची मालकी

सोलापूरच्या नवी पेठेत गल्ल्यावर चिकटवलेले क्यूआर कोड बहुतेक पैसे घेण्याचे असतात. ते बँकेकडून किंवा पेमेंट ॲपकडून तयार होऊन येतात. दुकानदाराला स्वतः बनवावा लागतो तो वेगळा: चादरींचा कॅटलॉग, दुकानाचा नकाशा किंवा व्हॉट्सॲप उघडून देणारा. ऑनलाइन साधनावर लिंक चिकटवली की चित्र मिळते. काम इतके चुटकीसरशी होते की त्यात काही निर्णय घ्यायचा असतो हेच ध्यानात येत नाही.

क्यूआर कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या घरांत लिहिलेला मजकूर. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवला. पेटंट असूनही कंपनीने इतरांना तो मुक्तपणे वापरू दिला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात. सर्वांत लहान कोड २१ × २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा. मजकूर वाढला की घरे वाढतात, आणि छापील आकार तोच ठेवला तर प्रत्येक घर बारीक होते.

देवनागरीला इथे जास्त जागा लागते. यूटीएफ-८ पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. ‘नवी पेठ’ हे नाव १९ बाइटांचे होते. सर्वांत लहान कोडात बाइट पद्धतीने जास्तीत जास्त १७ मावतात. रोमन लिपीत तेच नाव ९ बाइटांत बसते. म्हणून कोडात मराठी माहिती भरण्यापेक्षा छोटी लिंक घालावी आणि मराठी मजकूर पानावर ठेवावा.

कोड खराब झाला तरी वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची माहिती असते. तिच्या चार पातळ्या आहेत: सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. मधोमध लोगो बसवणारे याच राखीव साठ्यावर हात मारतात. कोपऱ्यातले चौकोन झाकले तर मात्र ही दुरुस्ती उपयोगी पडत नाही. सभोवती चार घरांइतका कोरा समास हवा. हौशी डिझाइनर नेमका तोच खातात.

खरा प्रश्न पत्त्याचा. स्थिर कोडात तुमचीच लिंक असते. साधन बंद पडले तरी कोड चालतो. ‘डायनॅमिक’ कोडात साधनाच्या कंपनीचा पत्ता असतो आणि तिथून ग्राहक तुमच्या पानावर जातो. लिंक बदलता येते, किती जणांनी स्कॅन केले हे कळते, ही सोय खरीच. पण मधला दरवाजा परक्याचा. वर्गणी थांबली की तो बंद होऊ शकतो, आणि छापलेली खोकी तशीच उरतात.

सोलापूर जिल्ह्यातच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुस्तक वर्षानुवर्षे हाताळले जाते, त्यामुळे त्यावरच्या कोडामागचे पान तितकीच वर्षे जागेवर राहायला हवे. चादरीच्या लेबललाही हाच नियम लागू पडतो.

म्हणून दुकानाच्या नावाचे स्वतःचे डोमेन घ्यावे आणि स्थिर कोडात त्यावरचाच पत्ता घालावा. पुढे पान कितीही बदला. छपाईला देण्यापूर्वी कोड खऱ्या आकारात कागदावर काढून एखाद्या जुन्या, स्वस्त फोनवर जरूर तपासा.